कळशीपेक्षा जड नको

आमच्या घरात पलंगाचा विषय निघाला की सासूबाई अजून २०१९ चा पलंग काढतात. हप्त्यावर घेतलेला, पार्टिकल बोर्डचा म्हणजे दाबलेल्या भुशाचा, खाली स्टोरेज, वर चकचकीत लॅमिनेट. त्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेनं ५५ फूट ओलांडले, आणि जयंती नाल्याचं पाणी पुढं जायला जागाच नसल्यानं उलटं फिरून कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आमच्या तळमजल्यात आलं. उतरल्यावर बघितलं तर पलंग पावासारखा फुगलेला. खण उघडेनात, स्क्रू हातानं ओढले तरी निघून येत होते. गल्लीत प्रत्येक दारासमोर असाच ढीग पडला होता.

मग आम्ही शहाणपणा केला आणि प्लायवूडचा भक्कम पलंग करून घेतला. २०२१ च्या जुलैत पाणी परत आलं. पलंग चांगला होता, पण तो हलवायला चार माणसं लागायची, आणि त्या रात्री गल्लीतली सगळी माणसं आपापला पलंग हलवत होती. ह्यांची शिरोली एमआयडीसीत रात्रपाळी. घरात मी, सासूबाई आणि दहा वर्षांची मुलगी. गाद्या, धान्याचे डबे, मिक्सर आणि देव वर नेले, पलंग खालीच राहिला. प्लाय साधा एमआर ग्रेडचा निघाला. एमआर म्हणजे दमटपणा सोसणारा, पाण्यात दोन दिवस बुडून राहणारा नव्हे. कडांना थर सुटले.

मी उद्यमनगरात एका मशिन शॉपमध्ये ड्रॉइंग काढते. कास्टिंगची, जिगची, फिक्स्चरची. दिवसभर दुसऱ्यांच्या वस्तू सहज बसाव्यात आणि सहज निघाव्यात म्हणून डोकं चालवायचं आणि घरी चार माणसांचा पलंग, याची लाज वाटायला लागली. ठरवलं की पलंग आणि मुलीचं टेबल आपणच काढायचं. असं की दोघी बायका ते अर्ध्या तासात सोडून मागच्या अरुंद जिन्यानं वर, चुलतसासऱ्यांच्या खोलीत नेऊ शकतील.

पहिला प्रश्न वजनाचा. मी एकूण किलो मोजत बसले होते. सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "सगळा पलंग किती किलोचा हे मला काय करायचंय? भरलेली कळशी मी अजून जिन्यानं नेते. त्याच्यापेक्षा जड एकबी तुकडा नको." कळशी काट्यावर ठेवली, साडेनऊ किलो. मी डिझाइनसाठी आठ धरले. कुठल्याही क्लायंटनं मला इतकं स्पष्ट स्पेसिफिकेशन आजवर दिलेलं नाही.

सुरुवात मात्र चुकीचीच झाली. बाजारातल्या सुट्या फर्निचरमध्ये मिनिफिक्स असतं. एका फळीत १५ मिलिमीटरचा गोल कॅम, दुसऱ्या फळीतून आलेली मेख, कॅम अर्धा फिरवला की मेख ओढली जाते. दिसायला सुरेख, बाहेरून काही दिसतही नाही. एक छोटं स्टूल करून सात-आठ वेळा सोडलं, जोडलं. मेख फळीत डुगडुगायला लागली. मग एम-८ चे बोल्ट आणि बॅरल नट, म्हणजे फळीतल्या भोकात आडवे बसणारे गोल नट, घेतले. पकड उत्तम, पण पलंगाला सोळा बोल्ट झाले. बॅरल नट भोकात आडवा फिरतो, बोल्टचं टोक त्याच्या आट्यात सापडत नाही. पुराच्या वेळी वीज आधी जाते, म्हणून मी टॉर्चच्या उजेडात करून बघितलं. सोडायला ५० मिनिटं, आणि त्यात एलन की दोनदा गादीखाली हरवली.

त्याच सुमारास थोनेटच्या १४ नंबरच्या खुर्चीबद्दल वाचलं. मिखाएल थोनेटची १८५९ ची, वाफेवर वाकवलेल्या लाकडाची. सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट, आणि एक घनमीटरच्या खोक्यात अशा ३६ खुर्च्या सुट्या करून मावायच्या. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, पण उलट्या बाजूनं. ती खुर्ची प्रवासापुरती सुटी होती. गिऱ्हाइकाकडं पोचली, जोडली, काम झालं. दुकानातलं फर्निचरही तसंच, कारखान्यातून घरापर्यंत एकदा येण्यासाठी सुटं. माझा पलंग दर पावसाळ्यात सुटायचा होता. म्हणजे मला जोडण्याआधी सोडण्याचा विचार करायला हवा होता, आणि मी महिनाभर जोडण्याचाच करत बसले होते.

आमच्या कंपनीला पॅटर्न करून देणारे एक मामा आहेत. फाउंड्रीतल्या साच्यासाठी लाकडी नमुने करतात, म्हणजे अर्धे सुतार, अर्धे फिटर. त्यांना बोल्टचं ड्रॉइंग दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला. "बोल्टाच्या मागं कशाला लागलीयास? बैलाचं जू बघितलंस नव्हं? शिवळ उपसली की बैल मोकळा. पाना लागतोय का त्याला?" शिवळ म्हणजे जुवातली मेख.

मग पाचरेचा सांधा. पलंगाची लांब बाजूपट्टी डोक्याकडच्या फळीतल्या खाचेतून आरपार जाते, पलीकडं तिची जीभ बाहेर येते, जिभेला भोक, भोकात वरून पाचर. हातोडीचा एक ठोका, घट्ट. खालून एक ठोका, सुटी. ऐकायला एवढंच. यातल्या दोन गोष्टी मला वाया गेलेल्या फळ्यांनी शिकवल्या.

जिभेतल्या भोकाची आतली कड फळीच्या पृष्ठभागाशी बरोबर जुळवली तर पाचर जिभेलाच टेकून थांबते आणि फळी सैलच राहते. भोक दोन-तीन मिलिमीटर फळीच्या आत शिरलेलं हवं, म्हणजे पाचर फळीला दाबत दाबत पट्टी ओढून घेते. दुसरं, भोकाच्या बाहेर उरणारं लाकूड. मी २० मिलिमीटर ठेवलं होतं, दिसायला नाजूक म्हणून. तिसऱ्या ठोक्याला टोक तुटून मामांच्या चहात पडलं. आता ४० आहे. उतार मामांनी आठास एक सांगितला. त्याहून जास्त दिला तर पाचर हळूहळू वर सरकते, कमी दिला तर अशी रुतते की निघता निघत नाही. पाचरा बाभळीच्या, त्यांनीच तासून दिल्या, पैसे घेतले नाहीत. वर डिंकाचे लाडू मागितले.

प्लाय घेताना या वेळी हट्ट धरला. आयएसआय शिक्क्याच्या वर ७१० हा आकडा हवा. मरीन प्लायचं मानक ते. त्याच्या चाचणीत नमुना ७२ तास उकळतात. एका दुकानदारानं "मरीनच आहे ताई, ३०३ म्हणजे पण तेच" असं सांगून बघितलं. ते तेच नव्हे, ३०३ हे साध्या प्लायचं मानक. शिक्का बघूनच घ्या, आणि शीटच्या चारी कडा बघा, मधल्या थरात पोकळी दिसली तर तिथंच खाच येणार असं समजा. १८ मिलिमीटरची आठ बाय चारची शीट साधारण ३५ किलो भरली, १२ ची २३. साहजिकच सगळं १२ मध्ये करायचा मोह झाला. पण फळीचा ताठपणा जाडीच्या घनानं बदलतो. १८ ची १२ केली की वजन एक तृतीयांश कमी होतं, ताठपणा मात्र एक तृतीयांशही उरत नाही. म्हणून भार पेलणाऱ्या पट्ट्या १८ मध्ये, उभ्या धारेवर ठेवलेल्या, सहा इंच उंच. बाकी १२.

कापून घेतलं सीएनसी राउटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कोरण्याच्या मशिनवर. तो माणूस एरवी देवघराच्या जाळ्या कापतो. राउटरचा बिट गोल असतो, त्यामुळं खाचेचे आतले कोपरे गोल राहतात आणि चौकोनी जीभ तळाशी बसत नाही. उद्यमनगरातल्या बाईला हे सुचायला हवं होतं. सुचलं नाही. एक रविवार कानस घेऊन कोपरे काढण्यात गेला.

मोठा फटका पुढं बसला. व्हर्निअर लावून प्लाय मोजला तर १८ चा प्लाय १७.४ ते १७.७ भरत होता. मी मशिन शॉपच्या सवयीनं खाच नेमकी १८ ठेवली, अगदी शहाण्यासारखी. मे महिन्यात पलंग मख्खन बसला, हे शेजाऱ्यांना बोलावून दाखवत होते. वर कडा पॉलिशनं बंद केल्या, दोन हात. जुलै लागला, कोल्हापूरचा पाऊस लागला, आणि प्लाय फुगला. थोडाच फुगला, पण पॉलिश आणि फुगवटा मिळून खाच भरली. सासूबाईंनी पाचर उपसली, ती निघाली. पट्टी निघेना. मी हातोडी मारली, ह्यांनी मोठी हातोडी मारली, डोक्याकडच्या फळीला चीर गेली. ज्या महिन्यासाठी पलंग केला, नेमका त्याच महिन्यात तो सुटत नव्हता! नशीब, त्या वर्षी पाणी आलं नाही.

मामा चीर बघून हसले नाहीत, हे विशेष. म्हणाले, "लोखंडाचं माप लाकडाला लावलंस. खाच ढिली ठेव की. घट्ट करायला पाचर हाय." नव्या फळीत खाच साडेअठरा केली. पाचर काढली की पट्टी खुळखुळते, मारली की जागची हलत नाही. आमच्या ऑफिसात असं सैल ड्रॉइंग दिलं असतं तर मॅनेजरनं बोलावून घेतलं असतं.

झोपायच्या पृष्ठभागासाठी एक अखंड फळी जिन्याच्या वळणावरून जाणार नव्हती. तिथं आजोळची बाज आठवली, नवारपट्टीची. १२ मिलिमीटर प्लायच्या तीन इंची चौदा पट्ट्या कापल्या आणि सात-सात करून नवारीवर ठोकल्या. मधोमध एक आधारपट्टी आहे, त्यामुळं प्रत्येक पट्टीला दोनच फुटांचं अंतर पेलावं लागतं. सोडताना चटईसारखी गुंडाळी करायची, एक गुंडाळी पाच किलोची. पलंग एकूण ३१ किलो झाला. सगळ्यात जड तुकडा डोक्याकडची फळी, साडेसहा किलो. सासूबाईंनी ती उचलून बघितली आणि "कळशीच हलकी म्हणायची वेळ आणू नको" म्हणाल्या. म्हणजे पास.

खुणांचाही एक घोळ झाला. मी भागांवर आकडे घातले होते, चष्म्याशिवाय सासूबाईंना ते दिसेनात. शेवटी आकडेच काढून टाकले. दोन्ही बाजूपट्ट्या हुबेहूब सारख्या केल्या, खाचांचं अंतर दोन्ही टोकांना सारखं ठेवलं. चूक करायला जागाच ठेवली नाही. पाचरा हरवू नयेत म्हणून परकराच्या नाडीनं त्यांच्या त्यांच्या पट्टीला बांधल्या. ती नाडी हीसुद्धा त्यांचीच आयडिया.

टेबलाचं फार सांगण्यासारखं नाही. दोन घडीचे घोडे, वर १२ ची फळी, खाली दोन उभ्या पट्ट्या नसत्या तर फळीला मधे झोल आला असता. मंडपवाल्यांकडं यापेक्षा चांगली टेबलं असतात.

२०२४ च्या जुलैत सात दरवाजांचं राधानगरी धरण भरलं. आमच्याकडं राधानगरीचे दरवाजे स्वतःहून उघडतात, त्यांना कुणी उघडावं लागत नाही, आणि ते उघडल्याची बातमी आली की अख्खं कोल्हापूर एकच विचारत फिरतं, "पाणी किती फुटांवर?" ३९ ला इशारा, ४३ ला धोका. आमचं ठरलं होतं, ४१ ला हात घालायचा. रात्री सव्वानऊला ४१ झालं. ह्यांची रात्रपाळीच होती, अर्थात. मुलीनं टॉर्च धरला आणि मोबाईलवर वेळ लावली. सासूबाईंनी खालून ठोके दिले, मी पट्ट्या ओढल्या. पलंग आणि टेबल वर पोचले तेव्हा २२ मिनिटं झाली होती. त्यातली पाच-सहा जिन्यात गेली, कारण वरून चुलतसासरे मदतीला म्हणून खाली येत होते आणि जिना एकाच माणसाचा.

दोन दिवसांत ४३ ओलांडलं, पाणी गल्लीच्या तोंडापर्यंत आलं, आणि तिथंच थांबलं. चार दिवस आम्ही वर जमिनीवर झोपलो. हे म्हणाले, "उगंच सोडलास की." मी काही बोलले नाही. परत जोडताना एक पाचर कमी निघाली. नाडीसकट गायब. वरच्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटतं म्हणून चुलतसासऱ्यांनी ती दाराखाली घातली होती. तिथं ती इतकी चांगली बसली होती की ते परत द्यायला तयार नव्हते. मामांकडून नवीन आणली, या वेळी बेसनाचे लाडू देऊन.

राहिलं ते सासूबाईंचं लोखंडी कपाट. त्यांच्या लग्नातलं, आरशाचं, दोन्ही पुरांत बुडून गंज घासून पुन्हा रंगवलेलं. त्यात पैठणी, घराचे कागद आणि सासऱ्यांचा फेटा. मी दोनदा टेप घेऊन त्याच्यासमोर उभी राहिले. दोन्ही वेळा त्यांनी विचारलं, चहा ठेवू का. कपाट सध्या चार विटांवर आहे. गेल्या पावसाळ्याआधी त्यांनी मला न विचारता पाचवी-सहावी वीट आणून ठेवली.