दोन रुपयांचा संशय

२० नोव्हेंबर २०२४. विधानसभेचं मतदान, परभणी जिल्ह्यातलं एक गाव, आणि केंद्राध्यक्ष मी, झेडपीची मास्तरीण. रात्री वर्गातल्या सतरंजीवर पडल्या पडल्या डोक्यात एकच घोकंपट्टी: सीआरसी. क्लोज, रिझल्ट, क्लिअर. मॉक पोल म्हणजे खऱ्या मतदानाआधीची चाचणी; ती झाल्यावर मशीनमधली मतं क्लिअर करायचं विसरलात की मेलात.

पहाटे साडेपाचला उमेदवारांच्या एजंटांसमोर किमान पन्नास मतं टाकून दाखवायची, व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्यांशी जुळवायची, चिठ्ठ्यांवर शिक्का मारून काळ्या पाकिटात बंद करायच्या. सीलवर सह्या. पहिल्या ड्युटीला मला रागच आला होता, मला काय चोर समजता का? आता वाटतं, हो, तसंच समजून हे नियम लिहिलेत आणि बरं झालं. गावात मराठा, धनगर, बौद्ध, मुसलमान, पलीकडं लमाणांचा तांडा. एजंटही त्यांच्यातलेच. माझ्यावर भरवसा ठेवा असं त्यांना कुणीच म्हणत नाही. बघा आणि सही करा, एवढंच.

अकराच्या सुमाराला तांड्यावरचा एक जण आला. ऊसतोडीला गेलेला, मतदानापुरता परतलेला. एक तरणा एजंट उठला, "म्याडम, ह्यो त्यो न्हाईच!"

म्हटलं, आक्षेप घ्यायचाय? दोन रुपये भरा, पावती देते.

"दोन रुपये? फोनपे करतो की."

फोन बाहेर ठेवलेले. खिशात कुणाच्याच चिल्लर नाही. शेवटी विरोधी एजंटानंच पिशवीतून नाणं काढून दिलं, वर म्हणाला, "घे, हौस फेड."

चौकशी केली. ओळखपत्रावरचा फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा, पण कानाजवळचा व्रण तोच. पोलीस पाटलांनी ओळखलं. आक्षेप घेणाऱ्याकडं पुरावा काहीच नव्हता. आक्षेप घेतलेल्या मतांच्या यादीत त्या माणसाचा अंगठा घेतला, बोटाला शाई लावली, मत झालं. आक्षेप खोडसाळ वाटला तर पैसे सरकारजमा. मला तसाच वाटला. केले जमा.

तांडा, मोहल्ला, गल्ली, सगळ्यांची नावं एकाच मतदार यादीत. राज्यघटनेचं कलम ३२५ तेच सांगतं. आमचा भाग निजामाकडून सुटला १७ सप्टेंबर १९४८ ला. १९५१-५२ च्या निवडणुकीत आजीनं मत दिलं तेव्हा दर उमेदवाराची पेटी वेगळी होती. पेटीत हात घालताना कुणी बघत नाही ना, म्हणून ती तीनदा मागं वळून बघत होती म्हणे.

संध्याकाळी सगळ्या एजंटांना सतरा सीची, म्हणजे नोंदलेल्या मतांच्या हिशोबाची, प्रत दिली. त्या पोरानं दिवसभर वहीत रेघा मारून आकडा ठेवला होता. ताडून बघितला, जुळला. घडी घालून खिशात ठेवली आणि हळूच म्हणाला, "अन् म्याडम, माझे दोन रुपये?"

"सरकारजमा."

मागून विरोधी एजंट ओरडला, "ते माझे हायत रे! उद्या आणून दे."

मी मशीनला लाख लावत होते. हसू दाबताना बोट भाजलं.