आमची वाटचाल: कुडाळच्या गॅरेजमधून कोइंबतूरच्या ट्रॅकपर्यंत

वडिलांनी कुडाळला गॅरेज सुरू केले, तेव्हा दारात येणाऱ्या बहुतेक गाड्या मारुती ८०० असत. त्याच ७९६ सीसी इंजिनावर कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी फॉर्म्युला मारुती ही उघड्या चाकांची, एका आसनाची, परवडणारी रेसिंग गाडी तयार केली होती आणि २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेले पहिले भारतीय नारायण कार्तिकेयन यांनीही सुरुवातीला तीच चालवली होती, हे समजल्यावर मला राहवेना. जे इंजिन आमच्या हातांना पाठ होते, त्याच्या जोरावर कोकणातील मुलांनी शर्यत का शिकू नये?

मुलांना शिकवण्यासाठी आम्ही १.३ लिटर स्विफ्ट इंजिनाची जुनी फॉर्म्युला एलजीबी गाडी विकत घेतली; हीदेखील उघड्या चाकांची, एका आसनाची रेसिंग गाडी. या वर्गात सर्वांच्या गाड्या जवळपास सारख्याच असल्याने पैशापेक्षा चालकाचे कौशल्य अधिक उपयोगी पडते, हे त्यामागचे मुख्य कारण होते. एका गाडीवर दोघे सराव करतात आणि टायर व इंधनाचा खर्च वाटून घेतात. तरीही आंब्याच्या एका हंगामावर घर चालवणाऱ्या पालकांना तो जड जातो, म्हणून मुलाने गॅरेजमध्ये केलेल्या कामाची मजुरी आम्ही फीमधून वजा करतो. खाऱ्या हवेने गंजलेले नट सोडवताना गाडीची जी ओळख होते, ती केवळ आसनावर बसून होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

पहिले धडे घाटापलीकडे, कोल्हापूरच्या कार्टिंग ट्रॅकवर होतात. त्यानंतर कोइंबतूरच्या २.१ किलोमीटरच्या करी मोटर स्पीडवे या ट्रॅकवर जाण्यापूर्वी मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा समजावतो: पुढच्या गाडीच्या मागील चाकाची मागची बाजू फिरताना वर जात असते, त्यामुळे आपले पुढचे चाक तिला टेकले तर आपली गाडी हवेत उचलली जाते. म्हणून ओव्हरटेक करताना घाई चालत नाही. मुंबई-गोवा महामार्गावर वेग दाखवणाऱ्या मुलाचे प्रशिक्षण मी त्याच दिवशी थांबवतो. या नियमाला आजवर अपवाद केलेला नाही.

मालवणचा एक मुलगा पहिल्या शर्यतीत अकरावा आला. परतीच्या प्रवासात ट्रेलरमागून येणाऱ्या गाडीत बसून त्याने टायरच्या दाबाच्या नोंदींची वही मागून घेतली आणि चौथ्या वळणावर ब्रेक कुठे दाबला होता, ते कणकवली येईपर्यंत लिहीत राहिला.