एकाच फळीवरचे दोन भाऊ

आज दिवसभर इचलकरंजीत वितरकाबरोबर मार्केट फिरलो. एका किराणा दुकानात आमचे मसाल्याचे दोन्ही ब्रँड शेजारी शेजारी लावलेले. पुडी तेवढीच, रंग लालच, किमतीत फक्त 2 रुपयांचा फरक. एका काकूंनी दोन्ही पुड्या हातात धरून विचारलं, "ह्यात नि त्यात फरक काय वो?" दुकानदार म्हणाला, "एकाच कंपनीचं हाय, कुठलंबी घ्या." काकूंनी स्वस्तातली घेतली. माझ्या काळजात चर्र झालं. हा स्वस्तातला दुसरा ब्रँड आम्ही वाढीसाठी आणला होता, आणि तो घरच्याच गिऱ्हाइकावर जगतोय!

पलीकडच्या फळीवर व्हील, रिन आणि सर्फ एक्सेल होते. तिन्ही हिंदुस्तान युनिलिव्हरचे, पण काकूंना कुणी समजावून सांगायची गरज नाही. निरमानं स्वस्त पावडरीचा बाजार काबीज केला, तेव्हा कंपनीनं त्या किमतीत सर्फ उतरवला नाही, व्हील वेगळा उभा केला. हेच खरं काम आहे असं मला मनापासून वाटतं: प्रत्येक ब्रँडला स्वतःचं गिऱ्हाईक हवं. आणि ते नसेल तर ब्रँड बंद करायची हिंमत हवी. युनिलिव्हरनं 2000 च्या सुमारास जगभरातले 1,600 ब्रँड 400 वर आणायचं ठरवलं होतं. आमचे तर दोनच आहेत.

रात्री एसटीत बसूनच साहेबांना मेल टाकली. स्वस्त ब्रँडची छोटी पुडी थांबवू, तो फक्त खानावळींसाठी 1 किलोच्या पिशवीत देऊ. सोमवारी मीटिंग आहे.