डाव्या कानातला गोळा आणि उजव्या कानातली शिट्टी

गणपतीच्या आधीचे आठवडे म्हणजे आमच्या ईएनटी ओपीडीत नुसता कानांचा सीझन असतो. एकीकडे पावसाळ्यामुळे कानात बुरशी झालेले पेशंट, दुसरीकडे नदीपात्रातून ढोलाचा सराव करून आलेली पोरं, "मॅडम, कानाला दडे बसलेत" म्हणत. अशाच एका संध्याकाळी ओपीडी आवरत आली होती तेव्हा एक मुलगी आईबरोबर आली, कॉलेजमधली, सरावातून थेट, बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या तशाच आणि डावा कान हाताने धरलेला.

झालं होतं असं की कुणीतरी तिला सांगितलं कानात काहीतरी घालून वाजव, आणि ते अगदी बरोबरच सांगितलं होतं. घरात धाकट्या भावाची पोहायला जातानाची डबी होती, त्यात ते मऊ सिलिकॉनचे गोळे असतात ना, हाताने मळून हवा तसा आकार देता येतो ते. तिने ते घेतले. पण घामाने कान ओले, त्यामुळे चिकटेनात, सारखे सुटायला लागले. मग हिने एक गोळा तोडून अर्धा केला, त्याची बारीक वळी केली आणि बोटाने आत सारली. सराव संपल्यावर ओढायला गेली तर निम्मा तुकडा हातात आला आणि निम्मा आत. मग मैत्रिणीने केसातली पिन काढली. पुढचं सांगायला नकोच.

आई घाबरून गेली होती. "अहो मॅडम, मेंदूपर्यंत तर नाही ना जाणार?" मी म्हटलं काकू, नाही जात, मध्ये पडदा आहे. पण पिनेमुळे त्या पडद्याचं काय झालंय ते दिसल्याशिवाय मला पाणी मारून धुता येणार नव्हतं, त्यामुळे मायक्रोस्कोपखालीच घेतलं. कानाची नळी मोठ्या माणसात साधारण 2.5 सेंटिमीटर, तीही सरळ नाही, वळणाची. बाहेरचा भाग कुर्चेचा, तो सोसतो. आतल्या भागात हाडावर कातडीचा अगदी पातळ थर, तिथे नुसता धक्का लागला तरी माणूस खुर्चीतून उठतो. आणि हे सिलिकॉन चिमट्यात धरलं की धरलेला भागच तुटून येतो, बाकीचं तिथेच. म्हणून कडेने बारीक आकडा मागे न्यायचा, गोळ्याच्या पलीकडे, आणि हळूहळू बाहेर लोटत आणायचं. नळीच्या मागच्या भिंतीला आकडा टेकला आणि पोरगी खोकायला लागली. आई म्हणाली, "आता हा खोकला कुठून आला?" तो तिथूनच येतो, घशाकडे जाणाऱ्या व्हेगस नावाच्या नसेची एक फांदी कानाच्या नळीतही असते, त्यामुळे कान कोरताना कितीतरी जणांना ठसका लागतो. थांबत थांबत केलं. शेवटी आला तुकडा, पांढरट, त्यावर मळ आणि एक केस चिकटलेला. पडदा शाबूत. नळीला दोन ओरखडे होते, त्यासाठी ड्रॉप्स दिले आणि कान कोरडा ठेवायला सांगितलं.

आईने हुश्श केलं, पर्स उचलली. आणि तेव्हा मुलगी म्हणाली, "पण मॅडम, शिट्टी उजव्या कानात वाजतेय."

उजव्या कानातला गोळा सराव सुरू झाल्यावर थोड्याच वेळात गळून पडला होता आणि तो कान पुढचा सगळा वेळ उघडाच होता, शेजारी ताशेवाले. सगळे डाव्या कानाची काळजी करत बसलो होतो, मला मात्र आता उजव्याची जास्त वाटायला लागली. कारण 85 डेसिबल आवाज 8 तास चालतो असं धरलं तर पुढे दर 3 डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होत जाते, 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं उरतात, आणि पथकाच्या मधोमध आवाज 100 च्या पुढे अगदी सहज जातो. ऑडिओग्राम, म्हणजे कुठल्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो त्याचा आलेख, केला. उजव्या कानाला 4000 हर्ट्झपाशी खड्डा, म्हणजे त्या उंच पट्टीचं ऐकू कमी, आवाजाने दुखावलेल्या कानात दिसतो तसाच. डावा, ज्यात गोळा अडकला होता, तो व्यवस्थित! मी म्हटलं काही दिवस सराव बंद, हेडफोन बंद, मग परत टेस्ट. परत आली तेव्हा खड्डा बराच भरून आला होता, शिट्टी गेली होती. नेहमी असं होतंच असं नाही, दरवर्षी हा मार बसत राहिला की एका वर्षी तो खड्डा भरत नाही, आणि त्यावर माझ्याकडे औषध नाही.

त्या गोळ्यांचा दोष काहीच नाही, चीज चांगली आहे. पण ती आत घालायची नसतेच. हात आणि कान कोरडे, केस मागे, अख्खा गोळा मळायचा आणि माठावर झाकण ठेवतो तसा कानाच्या तोंडावर दाबून कडा बसवायच्या. काढताना कानाच्या मागून दाबून एक कड सुटू द्यायची, मग हळू उचलायचा, एकदम खेचला तर पडद्याला ओढ बसते. टाकीत पोहायला उत्तम, खोल सूर मारायला नाही, आणि लहान मुलाच्या कानात ग्रोमेट, म्हणजे पडद्यात बसवलेली बारीक नळी, असेल किंवा पडद्याला भोक असेल तर आधी डॉक्टरला विचारा. आवाजही अडवतो, पण घामाच्या कानावर टिकत नाही, म्हणून ढोलाला मी फोमचे प्लग सांगते, तेही वाजवायला उभं राहण्याआधी कोरड्या कानात नीट बसवून. फोम पाण्याला मात्र उपयोगाचा नाही.

पुढे तिच्या पथकप्रमुखांचा फोन आला, मॅडम सरावाला येऊन पोरांना दाखवाल का. मी गेले, आनंदाने गेले. ढोलवाल्यांनी लगेच घातले. ताशेवाला एक मुलगा काही ऐकेना, "मॅडम, माझाच ताशा मला बोदा ऐकू येतो, हाताला कळत नाही." त्याचं म्हणणं खरं होतं, साध्या प्लगमध्ये वरच्या पट्टीचे आवाज जास्त कापले जातात आणि ताशा म्हणजे सगळा वरचाच आवाज. त्याला मी फिल्टरवाले प्लग दाखवले, वादकांसाठी येतात ते, थोडे महाग असतात पण सगळ्या पट्ट्यांचे आवाज जवळपास सारखेच कमी करतात. त्याने घालून एक आवर्तन वाजवलं, मान डोलावली, आणि पथकप्रमुखांना विचारलं की विसर्जनाची मिरवणूक 24 तासांच्या वर चालते तर ताशेवाल्या सगळ्यांसाठी पथकाच्या खर्चातून हे घेता येतील का. त्यांनी तिथेच हो म्हटलं.