खानदेश यादीत का नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

गेल्या मे महिन्यात अमळनेरला एका लग्नाच्या पंगतीत बसलो होतो. वाढणाऱ्या पोराने बट्टीवर वरण ओतता ओतता माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्हीच ना ते यादीवाले?" मी मान हलवली. पुढचं वाक्य मला पाठ आहे. "मग आपल्या खानदेशचं एकसुद्धा ठिकाण टाकलं नाही तुम्ही?" तूप वाढताना त्याने हात आखडला, असं मला वाटलं. खरंच आखडला असेल.

सात वर्षांपूर्वी एका मासिकाच्या पर्यटन पुरवणीसाठी मी ‘महाराष्ट्रातली सर्वाधिक गर्दीची दहा ठिकाणं’ अशी क्रमवार यादी केली होती. ती फिरत फिरत गावाकडच्या प्रत्येक मोबाइलवर पोचली. तेव्हापासून मामेभाऊ, शाळेतले सर, चाळीसगाव स्टेशनवरचा चहावाला, सगळ्यांचा प्रश्न एकच: तू इथला असून खानदेश का नाही? पुण्यातल्या मित्रांचा प्रश्न दुसऱ्या टोकाने येतो: खानदेशात बघण्यासारखं आहे तरी काय? पहिल्यांना मी ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणतो, दुसऱ्यांना शेवभाजी खायला नेतो. आता एकदाच लिहून टाकतो.

आधी माझी बाजू. यादी सुंदर ठिकाणांची नव्हती, गर्दीच्या ठिकाणांची होती. मनुदेवीचा धबधबा, पद्मालयाचे उजव्या-डाव्या सोंडेचे दोन गणपती, तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेव, तोरणमाळचा यशवंत तलाव, हे सगळं मला ठाऊक आहे. कृपया पुन्हा फोटो पाठवू नका. गर्दीच्या यादीत बसायला गर्दी लागते, आणि ती कुणीतरी मोजलेली लागते.

इथे माझी बाजू संपते, कारण मीही काही मोजलं नव्हतं. दहातली पाच ठिकाणं तर मी तोवर पाहिलीही नव्हती. एका दुपारी खोलीत बसून, दुसऱ्यांच्या चार याद्या समोर ठेवून पाचवी केली. गेटवे ऑफ इंडिया पहिल्या नंबरवर. १९२४ साली बांधून पूर्ण झालेल्या त्या कमानीला तिकीट नाही, फाटक नाही. तिथून घारापुरीची लाँच पकडणारा माणूस घारापुरीला तिकीट काढतो म्हणून तिथे मोजला जातो; गेटवेवर मात्र तो, फोटोवाला आणि कबुतरांना दाणे टाकणारे काका, सगळे एकाच अंदाजात. शिर्डीला तिकीट नाही. महाबळेश्वरला येणारा कुठल्या पॉइंटचा धरायचा? या सगळ्या ओळींत मी ‘दरवर्षी लाखो पर्यटक’ लिहिलं. लाखो हा शब्द फार सोयीचा. दोन लाख असले तरी खरा, नव्वद लाख असले तरी खरा.

तिकीट जिथे आहे तिथला हिशेबही सरळ नाही. पुरातत्त्व खात्याच्या तिकिटांत वेरूळ आणि बीबी का मकबरा अजिंठ्याच्या पुढे असतात. शहर जवळ, रिक्षा जाते, एवढं कारण पुरतं. शिवाय पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट लागत नाही. म्हणजे खानदेशातल्या शाळांच्या लाल एसट्या भरभरून ज्या सहली अजिंठ्याला गेल्या, त्यांतलं एकही पोर तिकिटाच्या पैशांत नाही. मीही नाही. पर्यटकाची व्याख्या वाचली तर अजून गंमत: नेहमीचा परिसर सोडून गेलेला, आणि तिथे किमान एक रात्र राहिलेला. त्याच दिवशी परतला तर नुसता ‘भेट देणारा’. रात्री मोजायच्या तर लॉजचं रजिस्टर हवं. आणि आमच्याकडे पाहुणा लॉजवर उतरला तर घरच्यांचं नाक कापलं जातं. चैत्रात वणीला पायी निघालेली आमची हजारो माणसं रस्त्याकडेच्या मंडपात, शाळेच्या ओट्यावर झोपतात. ती कुठल्या रजिस्टरात? सारंगखेड्याच्या यात्रेत किती घोडे विकले याचा आकडा दरवर्षी छापून येतो. माणसांचा नुसता अंदाज.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तरी मी यादी तशीच केली असती, पैसे चांगले होते.

खरी गोष्ट अजिंठ्याच्या ओळीची आहे. अजिंठा चौथ्या नंबरवर होता, आणि पुढे मी लिहिलं होतं: ‘औरंगाबादपासून १०० किलोमीटर.’ शहराचं तेव्हाचं नाव तेच होतं. वाक्यही खरं होतं. फक्त जळगाव स्टेशन तिथून साठच किलोमीटरवर आहे, हे मी लिहिलं नाही. लेणी सोयगाव तालुक्यात, म्हणजे जिल्हा त्यांचा, मोजणी त्यांची, ते ठीक. पण ती घाटाच्या अलीकडे आहेत, आमच्या बाजूच्या उताराला. लेण्यांखालून वाहणारी वाघूर आमच्या तापीला मिळते, आणि वाघूर धरणाचं पाणी जळगावच्या नळांना येतं. पाणी आमच्या खात्यात, पर्यटक त्यांच्या. तेवढ्यावर मी भांडलो नसतो. पण माझे मोठे काका, ज्यांना सगळं गाव जिभाऊ म्हणतं, त्यांनी बावीस वर्षं जळगाव स्टेशनवरून अजिंठ्याच्या फेऱ्या मारल्या. पहाटेच्या गाडीने उतरलेले पाठपिशवीवाले गोरे, विद्यार्थी, मोठा ग्रुप असला की बुद्धाला हात जोडायला आलेले जपानी. फर्दापूरला चहा, मग लेणी, संध्याकाळी परत स्टेशन. नंतर गाड्या फाट्यावरच थांबवून पुढे बस सुरू झाली, तेव्हा ते फाट्यावर सीट मागे पाडून झोपायचे. मी अजिंठा पहिल्यांदा पाहिला तो नऊ वर्षांचा असताना, त्यांच्या जीपच्या मागच्या बाकावर बसून.

जिभाऊंनी ती यादी भाच्याच्या मोबाइलवर, चष्मा कपाळावर सारून, बोटाने ओळ धरून वाचली. म्हणाले, "हाई तू लिखेल शे का?" मी हो म्हणालो. "मंग जयगाव कोठे शे यामा?"

मी म्हणालो, जागा कमी होती. चार शब्दांची जागा.

त्यानंतरच्या नवरात्रात मी ठरवलं की पाटणादेवीला बसून माणसं मोजायची. लोकांना सांगितलं, अभ्यास आहे. जिभाऊंना सोबत घेतलं ते त्यांना तिथली माहिती आहे म्हणून, असंही सांगितलं. खरं म्हणजे मला माफी मागायची होती आणि ती मागायची रीत माहीत नव्हती. शिवाय दिवस निवडला अष्टमीचा. एखादा साधा बुधवार नाही निवडला. लबाडी तिथूनच सुरू झाली.

पाटणादेवी चाळीसगावपासून अठरा किलोमीटर, गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या कुशीत. देवीच्या जत्रेखेरीज हे गाव आणखी एका गोष्टीसाठी नोंदलेलं आहे: भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला, आणि १२०७ च्या सुमाराचा शिलालेख त्याची साक्ष देतो. ‘लीलावती’ जिथे शिकवली जायची तिथे मी रेघोट्या मारायला बसलो, हे मला त्या दिवशी फार चमकदार वाटलं होतं. लेखाचं पहिलं वाक्यही मनात तयार होतं. आता आठवलं की लाज वाटते.

गाड्या थांबतात तिथून देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर, एका झाडाखाली आम्ही सहा वाजता बसलो. माझ्याकडे छापील तक्ता, तीन रकाने: पर्यटक, भाविक, स्थानिक. जिभाऊंकडे दोनशे पानी वही, फेऱ्यांच्या हिशेबाला ते वापरायचे तसलीच. पहिल्या तासात माझे रकाने कोसळले. क्रूझरमधून सोळा माणसं उतरली, ओटी भरून आली, मग खालच्या पाण्यात पोरं डुंबली आणि बायांनी दगडावर दशम्या सोडल्या. भाविक की पर्यटक? घाट उतरून कन्नडकडून आलेलं जोडपं फोटो काढायला आलं होतं, पण नारळ फोडल्याशिवाय गेलं नाही. वरच्या वस्तीवरचा माणूस सीताफळं विकायला आला, विकली, आणि मग पाया पडून आला. प्रत्येक वेळी मी रकाना विचारायचो आणि जिभाऊंचं उत्तर एकच: "देवीले येल शे ना? मंग लिख."

साडेनवाला एक म्हातारी सुनेबरोबर अनवाणी चालत आली. रात्रीच निघालेल्या. झाडाखाली टेकली आणि तिने विचारलं, काय लिहिताय? मी म्हणालो, मोजतोय. ती म्हणाली, मग माझं नाव लिहा. मी सांगितलं की नाव लागत नाही. ती जिभाऊंकडे वळली. जिभाऊंनी नाव लिहिलं. तिने नवऱ्याचंही सांगितलं, तो वारला होता, तेही लिहिलं. मागे उभ्या असलेल्या दोघी पुढे सरकल्या. दहा मिनिटांत रांग लागली. कुणी आधार कार्ड काढलं, कुणी विचारलं, पासबुक लागेल का. कुठलीतरी योजना आली असा समज झाला होता. मी ओरडून सांगत होतो की काही नाही, फक्त मोजणी आहे. रांगेतला एक बाप्या शांतपणे म्हणाला, "मोजून काय भेटणार?"

मला उत्तर आलं नाही. ‘यादीत नाव येईल’ हे उत्तर होतं, पण अनवाणी बायांसमोर ते तोंडातून निघेना. तेवढ्या वेळात वाटेने माणसं वरखाली जात होती आणि माझ्या रेघा चुकत होत्या. मग मी जिभाऊंवर घसरलो. सगळ्यांदेखत. "नावं लिहून आकडा होत नाही जिभाऊ, तुम्हाला जमत नसेल तर नुसते बसा!"

त्यांनी पेनाला टोपण लावलं, वही मिटली आणि मांडीखाली ठेवली. संध्याकाळपर्यंत नुसते बसले. मी सांगितलं होतं तसे.

दिवस मावळताना माझ्या रेघा मोजल्या. त्यांच्या वहीतली अर्ध्या सकाळची नावं आणि त्याच वेळेतल्या माझ्या रेघा ताडून पाहिल्या, तर माझ्या निम्म्यासुद्धा भरल्या नाहीत. त्यांनी वारलेला नवराही धरला होता हे खरं, पण तेवढ्याने एवढा फरक पडत नाही.

परतताना गाडी मी चालवत होतो. पाटणा गाव मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "मी मोजामा शे का नही?"

मी व्याख्या सांगितली. नेहमीच्या परिसरातला माणूस धरत नाहीत, आणि तुम्ही तर इथलेच. ते बरोबर होतं. बावीस वर्षं अजिंठ्याच्या फाट्यावर थांबलेला ड्रायव्हरही तिथला रोजचाच. चाळीसगाव येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. केळीच्या बागा तर त्या रस्त्याला फारशा नाहीतही, बघण्यासारखं काय होतं कोण जाणे.

तो लेख मी लिहिला नाही. काही वर्षं मी उलटाच तोरा मिरवला: बरं झालं यादीत नाही, खानदेश अनाघ्रात राहिला. पुण्यात हे वाक्य खपतं. तोरणमाळला झोपडीत मॅगी आणि चहा विकणाऱ्या बाईला मी ते ऐकवलं, तर तिने विचारलं, गिऱ्हाईक नको असं तुम्हाला कोणी सांगितलं? दोन दिवसांत तिच्याकडे बसलेले आम्ही तिघेच. दुसऱ्या बाजूला, अष्टमीच्या संध्याकाळी पाटण्याच्या ओढ्यात तरंगणारे द्रोण आणि पिशव्याही मी पाहिल्या आहेत. अभयारण्य आहे ते. म्हणून आता मला कुणी विचारलं की खानदेश यादीत यावा का, तर सकाळी माझं उत्तर हो असतं आणि रात्री नाही. तुम्ही कुठल्या वेळी विचारता त्यावर आहे. आणि तुम्ही विचारता, पण मे महिन्याच्या सुट्टीत स्वतः महाबळेश्वरला जाता, हेही बोलून टाकतो. ते लॉजच्या रजिस्टरात लागतं.

यंदा पुरवणीची नवी यादी परत माझ्याकडेच आली. गेटवेपुढचं ‘लाखो’ काढलं, तर आकडा द्या असं संपादक म्हणाले. ‘लाखो’ परत घातलं. अजिंठा सहाव्यावर गेला. त्या ओळीत लिहिलंय: ‘जळगाव स्टेशनपासून ६० किलोमीटर. सोमवारी बंद.’ खानदेशातलं एकही ठिकाण याही वेळी नाही.

फोनवर जिभाऊंना ती ओळ वाचून दाखवली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "फर्दापूरना चहा बी लिख."

लिहिलाय. संपादक ठेवतील असं वाटत नाही.