ना आत, ना बाहेर

रिकामा मॉल, रात्री दोनचा एसटी स्टँड, मे महिन्यातला शाळेचा व्हरांडा. असला फोटो कुणी टाकला की खाली कुणीतरी ‘लिमिनल’ लिहितंच. भकास किंवा सुनसान म्हणण्यापेक्षा हा शब्द जरा शिकलेला वाटतो. पण त्याचा अर्थ भकास नाही. ‘उंबरठ्यावरचं’ असा आहे, आणि तो उंबरठाही दगडा-लाकडाचा, ठेच लागेल असा.

या फॅशनचा आद्य फोटो म्हणजे पिवळट भिंती आणि ट्यूबलाइटच्या रिकाम्या खोल्या. 2019 मध्ये तो ‘बॅकरूम्स’ नावानं जगभर फिरला. कुठला, ते 2024 मध्ये सापडलं: अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉश शहरातलं एक दुकान. आधी तिथे फर्निचर विकलं जायचं, पुढे छंदाच्या वस्तू आणि खेळण्यातल्या मोटारी. फोटो काढला तेव्हा मधलं तोडफोडीचं काम चालू होतं. म्हणजे शब्द अंदाजानं फेकला होता, तरी बरोबर बसला. जुनं दुकान उठलेलं, नवं मांडलेलं नाही. ते लिमिनल. नुसती माणसं नाहीत म्हणून नव्हे.

मूळ लॅटिन शब्द ‘लिमेन’. दाराच्या चौकटीचा खालचा आडवा भाग म्हणजे लिमेन. वरच्या भागालाही तेच नाव, त्यामुळे नेमकं सांगायचं झालं तर ‘खालचं लिमेन’, ‘वरचं लिमेन’ असं म्हणायचे. खालची अजून पॉम्पेई या प्राचीन रोमन शहराच्या अवशेषांत जागच्या जागी आहेत. दगडाची लादी, तिच्या दोन टोकांना खळगे. दाराच्या कडेचा खुंटा त्या खळग्यात फिरायचा. दुकानाचं लिमेन निराळं: त्यात लांबीभर खोबण, फळ्या एकामागून एक सरकवत न्यायच्या, आणि एका टोकाला छोट्या फिरत्या दारापुरता खळगा. आपल्या जुन्या पेठांतली फळ्यांची दुकानं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. भिंती पडल्या तरी उंबरठा बघून घर होतं की दुकान ते ओळखता येतं.

रोमनांनी एका दाराला तीन दैवतं नेमली होती: दाराच्या फळ्यांचा फोर्क्युलस, बिजागरीची कार्देआ आणि उंबरठ्याचा लिमेन्टिनस. ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टीननं यावर छान टोमणा मारलाय. घरावर माणूस एकच दारवान ठेवतो आणि तो पुरतो, देव मात्र तीन लागतात! नवी नवरी या लिमेनला अडखळू नये म्हणून असेल किंवा आणखी कशासाठी, तिला उचलून आत नेत. हे का करतात, असा प्रश्न ग्रीक लेखक प्लुटार्कलाही पडला होता. आपली नवरी स्वतःच्या पायानं येते, तेही माप लवंडून. त्यात एक बारकावा आहे. उजव्या पायाचा अंगठा मापाच्या वरच्या काठाला लागला तर माप लवंडतं. बुडाशी लागला तर ते गुळगुळीत फरशीवरून तांदळासकट सरळ घसरत जातं आणि फोटोवाला पुन्हा घ्यायला लावतो.

याच लिमेनची पोरं आपल्याकडे रोज वापरात आहेत. एमपीएससीची ‘प्रिलिम’ म्हणजे उंबरठ्याच्या अलीकडची परीक्षा, आणि ‘एलिमिनेट’ झाला म्हणजे उंबरठ्याबाहेर काढला. ‘लिमिट’ मात्र थेट लिमेनचं पोर नाही; ते ‘लिमेस’पासून आलं, म्हणजे शेताच्या हद्दीपासून.

इंग्रजीत ‘लिमिनल’ आला तो घराच्या दारातून नव्हे, मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतून, 19व्या शतकाच्या अखेरीला. जर्मनीत गुस्टाफ फेख्नरनं 1860 मध्ये संवेदना मोजण्यावर ग्रंथ लिहिला. उद्दीपन किती वाढलं की ते जाणवायला लागतं, त्या जागेला जर्मनमध्ये उंबरठाच म्हणत. गंमत अशी की ही जागा एका रेघेवर सापडत नाही. तोच बारीक आवाज एकदा ऐकू येतो, एकदा नाही. म्हणून उंबरठा ठरवताना निम्म्या वेळांचा हिशेब धरतात.

कानाच्या तपासणीत हेच होतं. साधारण 1000 हर्ट्झच्या स्वरापासून सुरुवात. ऐकू आला, बटण दाबलं, की आवाज 10 डेसिबल खाली. नाही आला, की 5 डेसिबल वर. असं खाली-वर करत, चढत्या वाटेवर निदान निम्म्या वेळा ऐकू येणारी सर्वांत खालची पातळी हा त्या स्वराचा उंबरठा. आवाज ठरावीक अंतरानं दिला तर माणूस कानानं नाही, तालानं बटण दाबतो. म्हणून मधला वेळ मुद्दाम कमीजास्त ठेवतात. खोलीत पंखा चालू असेल तर खालचे स्वर त्यात बुडतात आणि कान आहे त्यापेक्षा वाईट ठरतो.

मग 1909 मध्ये आर्नोल्ड व्हान गेनेपनं फ्रेंचमध्ये संस्कारांवर पुस्तक लिहून शब्दाला माणसांत आणलं. त्याचं म्हणणं सोपं आहे: आधी वेगळं काढणं, मग मधला, म्हणजे उंबरठ्यावरचा काळ, मग परत मिसळून घेणं. हळद लागल्यावर नवरदेवाला एकटं बाहेर पाठवत नाहीत, सुतकात देवाला हात लावत नाहीत आणि शेवटी गोडाचं जेवण होतं. हे सगळं त्याच्या चौकटीत चपखल बसतं. मानववंशशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नरनं पुढे नुसता मधला तुकडा उचलला. आजच्या झांबियातल्या न्देम्बू लोकांत प्रमुखाला गादीवर बसवण्याच्या आधी फाटकं वस्त्र नेसवून पानांच्या झोपडीत बसवत, आणि ज्याचा म्हणून राग असेल त्यानं त्याला तोंडावर बोलून घ्यायचं. भावी प्रमुखानं मान खाली घालून ऐकायचं, नंतर डूख धरायचा नाही. मला हे आपल्याकडच्या शपथविधीला जोडावंसं वाटतं, पण ते जाऊ द्या.

तेव्हा लिमिनल म्हणायच्या आधी मागे काय सुटलं आणि पुढे कुठे जायचंय, एवढं विचारावं. दोन्हींचं उत्तर असेल तरच तो उंबरठा. हिरण्यकशिपूला नरसिंहानं उंबरठ्यावर, संध्याकाळी मारलं, त्या गोष्टीत तर मधलेपणाची यादीच आहे. पंढरपुरात मात्र चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी आहे. आत जाण्याच्या वाटेवर ते थांबले होते असं नाही, त्यांना बाहेर ठेवलं होतं. त्याला लिमिनल म्हणू नये. ते मंदिर दलितांना खुलं झालं 1947 मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर.