कवीच्या वहीला प्रतिसाद देताना: माझा अनुभव

रत्नागिरी-सिंधुदुर्गात कविता लिहिणारी माणसं गावोगाव आहेत. निवृत्त गुरुजी, अंगणवाडीताई, बँकेतले कारकून, कॉलेजातली मुलं. वही पुढे करून "वाचा नि सांगा" म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा "छान आहेत, लिहीत राहा" एवढंच उत्तर मिळतं. त्यातून कवीच्या हाती काही लागत नाही. कुठली ओळ पोचली, कुठे वाचणारा अडखळला आणि का अडखळला, हे त्याला हवं असतं. मीही हौसेनेच लिहिते आणि अशा वह्या वाचून उत्तर देते. ते काम कसं करते, ते इथे मांडते.

वही घेतानाच विचारून घेते की कविता कशासाठी दाखवताय. दिवाळी अंकाला पाठवायची, संमेलनात म्हणायची, की फक्त कुणीतरी वाचावी म्हणून? तिन्हींचं उत्तर वेगळं असतं. अंकासाठी असेल तर मात्रा आणि शुद्धलेखनही बघावं लागतं, आणि ते पावसाळ्यातच उरकलेलं बरं. म्हणायची असेल तर श्वास कुठे तुटतो ते महत्त्वाचं. आई गेल्यावर लिहिलेली कविता असेल तर लघु-गुरूचा, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ अक्षरांच्या मोजणीचा, विषय मी काढतच नाही. कवीने स्वतःहून विचारलं तरच बोलते.

एका बैठकीत तीन-चार कविता पुरेत. अख्खी वही सलग वाचली की सगळ्या कविता एकमेकींत मिसळतात आणि आपण पहिल्या दोनांवर लांबलचक, बाकीच्यांवर एकेक ओळ लिहून मोकळे होतो. पहिलं वाचन मोठ्याने, हातात पेन्सिल न घेता. दुसऱ्या वाचनाला पेन्सिल: जिथे मन थांबलं तिथे बरोबरची खूण, जिथे जीभ अडली तिथे नागमोडी रेघ. कारणं नंतर शोधायची. आधी नियम लावत बसलं की कविता ऐकूच येत नाही.

अडण्याचं सर्वांत मोठं कारण वृत्त. आपल्याकडे भुजंगप्रयात पुष्कळांना आवडतं, कारण त्याची चाल चटकन तोंडात बसते: लगागा चार वेळा (ल म्हणजे लघु, एका मात्रेचं अक्षर; गा म्हणजे गुरू, दोन मात्रांचं), अक्षरं बारा, मात्रा वीस. नमुन्याला ही ओळ घेऊ: "नदीच्या काठावर उभा माड आहे." वाचताना "काठावर"पाशी ठेच लागते. मोजून बघा. "नदीच्या" हे लगागा बरोबर बसलं. पुढचं अक्षर लघु हवं, तिथे "का" हा गुरू आला. अक्षरं तेरा झाली, मात्रा एकवीस. "नदीच्या किनारी उभा माड आहे" असं म्हटलं की ओळ वाहते. पण प्रतिसादात ही सुधारलेली ओळ मी लिहून देत नाही. "चौथं अक्षर लघु हवं, इथे गुरू आहे" एवढंच लिहिते. शब्द त्याने शोधावा, नाहीतर दोन महिन्यांनी वहीत माझ्याच ओळी दिसायला लागतात.

त्याच ओळीत दुसरी गोष्ट आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. आमच्या गावांना बहुतेक खाडी असते, मग कवितेत नदी का येते? कारण "खाडी"चं पहिलं अक्षर गुरू आहे. लगागाच्या सुरुवातीला ते बसत नाही. माड, पोफळी, होडी, आगर यांचीही तीच गत. वृत्ताच्या सोयीसाठी कवी आपल्या अंगणातला शब्द सोडतो आणि कुठल्याही गावात चालेल असा शब्द घेतो. यावर उपाय सोपा आहे: खाडीच्या आधी लघूने संपणारा शब्द ठेवायचा. "जुनी एक खाडी, उभा माड काठी." जु-नी-ए, क-खा-डी, उ-भा-मा, ड-का-ठी. वृत्तही राहिलं आणि खाडीही राहिली. ही युक्ती मात्र मी उदाहरणासकट सांगते, कारण ती एका ओळीपुरती नाही.

मोजणीत हमखास होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. "माड" बोलताना एका झटक्यात उच्चारतो, पण वृत्तात "मा" गुरू आणि "ड" लघु, दोन्ही धरायचे. अनुस्वार असलेलं अक्षर गुरू: "गंध"मधला "गं". जोडाक्षराआधीचं अक्षर आघात, म्हणजे उच्चाराचा जोर, आला तरच गुरू होतं. "रस्ता"मधला "र" गुरू, पण "तुझ्या"तला "तु" किंवा "पुन्हा"तला "पु" लघुच. नवे कवी पुस्तकी नियमाने "तुझ्या" गागा धरतात आणि नीट असलेली ओळ बिघडवतात. अष्टाक्षरीत उलटं होतं: तिथे लघु-गुरू बघायचेच नसतात, फक्त अक्षरं मोजायची, आणि जोडाक्षर एकच धरायचं. "चंद्र" दोन अक्षरं. मोठा अभंग असेल तर सहा-सहा-सहा-चार, आणि यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणाला. चौथ्या चरणालाही यमक लावलं की तो अभंग ऐकायला जड होतो.

गझलेत आधी मतला, म्हणजे पहिला दोन ओळींचा शेर, बघते, कारण पुढचं सगळं तिथेच ठरतं. मतल्यात "वारा" आणि "किनारा" बांधलं की "रा"च्या आधीचा "आ" पक्का झाला. तीच अलामत. मग चौथ्या शेरात "दोरा" आणून चालत नाही. शेर स्वतंत्र असायला हवा. पुढच्या शेराचा टेकू लागत असेल तर तसं लिहिते. पाच शेर तरी हवेत म्हणून भरतीचा शेर घातलेला लगेच ओळखू येतो: त्यात काफिया (यमकाचा शब्द) आधी सापडलेला असतो, विचार नंतर.

चौदा ओळींचं सुनीत इकडे अजून लिहिलं जातं, आणि ते मराठीत आणणारे केशवसुत (१८६६–१९०५) आपल्या मालगुंडचे. सुनीत वाचताना मी एकच शोधते: विचार वळतो कुठे? आठव्या किंवा बाराव्या ओळीनंतर काहीच वळलं नाही, तर चौदा ओळी असूनही ते सुनीत होत नाही.

वृत्तानंतर गावचं खरं-खोटं. कल्पना करायला हरकत नाही, पण नकळत झालेली चूक कोकणातल्या वाचकाला लगेच टोचते. आपल्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रात बुडतो. उगवतो तो सह्याद्रीमागून. "लाटांतून उगवला रवी" ही ओळ दुसऱ्या किनाऱ्याची झाली. आंब्याला मोहर थंडीत येतो, श्रावणात नाही. सुरंगीचा वळेसर (फुलांचा गजरा) फाल्गुन-चैत्रातला. उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला. अष्टमीला पाण्याचा भांग असतो, म्हणजे भरती सर्वांत कमी चढते, तेव्हा "अष्टमीचं उधाण" लिहिणाऱ्याला एकदा बंदरावर कुणाला तरी विचारून यायला सांगते. १ जूनपासून यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, बोटी वर ओढून शाकारलेल्या असतात. आषाढातल्या कवितेत त्या भर दर्यात डोलत असतील तर कारण कवितेत दिसायला हवं. या गोष्टींत कवी कधीच रागावत नाही, असा माझा अनुभव आहे. उलट पुढच्या कवितेत तपशील नेमके येऊ लागतात.

मालवणी कविता प्रमाण मराठीच्या मापाने वाचायची नाही. "माका", "तुका", "खय" या चुका नव्हेत. बघायचं ते एवढंच की एकाच कवितेत, एकाच माणसाच्या तोंडी, "माका" आणि "मला" दोन्ही का आलेत. संगमेश्वरी बोली वेगळी, उत्तरेकडची आगरी वेगळी. सावंतवाडीच्या कानाने चिपळूणची कविता दुरुस्त करणं मला अन्यायाचं वाटतं.

मुक्तछंदासाठी एक कसोटी वापरते. कविता परिच्छेदासारखी सलग उतरवून काढायची आणि पुन्हा वाचायची. काहीच हरवलं नाही, तर ओळी उगाच तोडल्या होत्या. जिथे हरवलं, ती तोड खरी. आणि वेदना, आसवं, हुंदके, विरह हे शब्द एका कवितेत दोनापेक्षा जास्त वेळा आले, तर त्यांच्याखाली रेघ मारून विचारते, की नेमकं काय झालं होतं?

उत्तर लिहिताना अर्धं पान पुरतं. सुरुवातीला कवितेतून मला काय मिळालं ते दोन वाक्यांत, माझ्या शब्दांत. हे कौतुक म्हणून लिहीत नाही. कवीला म्हणायचं होतं ते आणि मला पोचलं ते एकच आहे का, हे त्याला यातूनच कळतं. मग आवडलेली एक ओळ, का आवडली त्यासकट. मग जास्तीत जास्त तीन अडचणी, ओळीचा क्रमांक घालून. दहा चुका दिसल्या तरी तीनच. दहा लिहिल्या की कवी वही मिटतो. वडीलधाऱ्या गुरुजींना लिहिताना "इथे मला थांबावं लागलं, तुम्हांला इथे काय अभिप्रेत होतं?" असं विचारते. कॉलेजातल्या मुलाला सरळ "ही ओळ सैल आहे, पुन्हा बघ" म्हणते. कविकट्ट्यावर चारचौघांत कुणाचीही चूक काढत नाही.

मग समोरासमोर बोलणं होतं, आणि तिथे बहुतेक कवी म्हणतात, "तसं नाही, मला असं म्हणायचं होतं..." इथे वाद घालायचा नाही, कागद घ्यायचा आणि तो जे बोलतो ते शब्दन् शब्द उतरवायचं. समजावताना माणूस साधं आणि नेमकं बोलतो. कवितेत "जीवनाचे रिते गलबत" असतं आणि तोंडी येतं, "बाबा गेल्यावर होडी दोन वर्षं मांगरातच (आवारातल्या खोपटात) पडून होती." कागद त्याच्यापुढे सरकवून मी म्हणते, हे वाक्य कवितेत कुठे आहे?

दुसरा खर्डा आला की आधीचं माझं टिपण काढत नाही. नवी कविता म्हणूनच वाचते, पुन्हा मोठ्याने. माझी सूचना मानली की नाही हे तपासत बसलं तर नव्याने शिरलेला दोष निसटतो. एक मात्रा सावरताना यमक मोडलेलं असतं किंवा खाडीची पुन्हा नदी झालेली असते. सूचना नाकारून ओळ तशीच ठेवली असेल आणि मोठ्याने वाचताना ती आता अडत नसेल, तर तो मुद्दा मी सोडून देते. पहिला खर्डा मात्र तारीख घालून वहीतच राहू द्यायला सांगते, खोडायचा नाही. तिसऱ्या खर्ड्याला पोचल्यावर कवीला पहिल्यातली एखादी ओळ परत हवी असते.